झोपेत येणारे पैसे

३ मार्च

थोरल्या,

आशीर्वाद. ढीगभर पाठवले तरी तू मोजून घेशील आणि कमी भरले म्हणशील, म्हणून एकच पाठवते, पण चांगला वजनदार.

हे पत्र धाकट्याची बायको लिहिते आहे. आईचं अक्षर सुधारलं असं समजून खूश होऊ नकोस. मला अजून लिहिता येत नाही आणि या वयात शिकायचा बेतही नाही. सूनबाईने बसायच्या आधीच बजावलं, "आई, तुम्ही सांगाल तेच लिहीन, पण भाऊजींना माझा नमस्कार वगैरे मध्ये घुसडू नका." तेव्हा नमस्कार नाही. बघ, तिने हेसुद्धा लिहिलं. प्रामाणिक आहे पोरगी.

फोन का नाही केला, असं विचारशील. फोनवर तू "हं" म्हणतोस. मग मी "हं" म्हणते. मग तू "ठेवू का?" म्हणतोस. पत्राला हं म्हणून भागत नाही. बाजूला ठेवलंस तरी ते तिथे पडून तुझ्याकडे बघत राहतं.

काम असं आहे. कंपनीचं पाकीट आलंय. चारांपैकी कुठली ते सांगते, नाहीतर तू साबणवालीचं समजशील. आपली काचेची. सूनबाईने मोठ्याने वाचून दाखवलं, शाळेच्या गणवेशाची मापं वाचावीत तसं. इथली भट्टी बंद करायची. इथली जमीन विकायची. बाटल्या यापुढे प्लास्टिकच्या, त्याही दुसऱ्या गावी. आणि जमिनीचे जे पैसे येतील त्यातून प्रत्येक भागधारकाला मोठा लाभांश, एवढा मोठा की आजवरचे सगळे एकत्र केले तरी पुरायचे नाहीत. त्यासाठी आमची संमती हवी म्हणे. "आमची" म्हणजे माझी. सोबत एक कागद आहे, त्यावर दोन चौकोन. एक हो, एक नाही.

धाकटा रात्रपाळीवरून तेवढ्यात आला होता. एक बूट काढलेला, एक पायात. भट्टी बंद होणार हे त्याला ठाऊक होतं, सगळ्या पाळीला ठाऊक आहे. पण ते विचारणारं पाकीट आपल्याच घरी, आपल्याच आईच्या नावाने येईल हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. दुसरा बूट काढायला त्याने बराच वेळ लावला.

तुला आठवत असेल म्हणून जास्त सांगत नाही. कंपनीने कामगारांना शेअर वाटले तेव्हा सगळ्यांनी ते विकून पंखे घेतले. तुझ्या बाबांनी नाही घेतला. त्या उन्हाळ्यात मी पुठ्ठ्याने वारा घालत होते आणि शेजारीण त्यांच्या पंख्याखाली बसून मला विचारायची, "कागदाचा वारा कसा लागतो हो?" मग पहिला लाभांश आला. मी म्हटलं, आता तरी पंखा आणा. त्यांनी आणखी शेअर आणले. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. पंखा आला तो तू शाळेत जायला लागल्यावर. पुढे साबणवाली आली, विजेची आली, सिमेंटची आली. तू शेअरच्या पेढीत लागल्यावर सगळं असं बसवून दिलंस की या महिन्यात ही देईल, त्या महिन्यात ती. चार सुना असल्यासारखं झालंय मला. साबणवाली वेळेवर देते पण हात आखडून. विजेची न बोलता देते. सिमेंटवालीने मध्ये एक वर्ष काहीच दिलं नाही, तेव्हा मी दुरुस्तीला दुसऱ्या कंपनीचं सिमेंट आणलं, तिला कळावं म्हणून. काचेची मात्र घरचीच.

बाबा गेल्यावर धाकटा म्हणाला होता, विकू या, मी काच कापायचं आणि आरसे बसवायचं छोटं दुकान टाकतो, भट्टीपुढे उभं राहून जन्म काढायचा नाहीये मला. तू म्हणालास, "आई, याला हात लावायचा नाही. आयुष्यभर बसून मिळेल तुला. तू झोपशील आणि पैसे येतील." त्याने तुला शेठजींचा पाळीव म्हटलं. तू त्याला काय म्हणालास ते सूनबाई लिहिणार नाही, मी सांगतही नाही. मी तुझं ऐकलं. तू बॅग घेऊन गेलास. दार आपटलं असतंस तर बरं झालं असतं, अगदी हळू लावलंस.

झोपेत पैसे येतात हे खरं आहे. मला आता झोपच येत नाही, तरी येतात. मी पडून असते आणि धाकटा भट्टीपुढे असतो, मग सकाळी तो येतो आणि काही दिवसांनी पैसे येतात.

तर त्या कागदाचं काय करायचं ते कळव. माझ्या अंगठ्याला काय वजन, मला माहीत आहे. पण इथे एक माणूस त्या अंगठ्याकडे बघत बसलाय.

आई


१९ मार्च

थोरल्या,

तुझं उत्तर आलं. चार ओळी. पेढीत शाई महाग झाली काय रे?

सूनबाईने वाचलं. "आई, तू नाही म्हटलंस तरी काही थांबणार नाही, मोठ्या लोकांकडे भरपूर मतं आहेत. हो म्हण आणि लाभांश घे. भावनेच्या भरात निर्णय घेऊ नकोस." वाचून झाल्यावर तिने कागदाची घडी घातली आणि तिच्यावर कात्री ठेवली. मी म्हटलं, उडून जाणार आहे का ते? ती म्हणाली, "नाही, पण ठेवलेली बरी."

भावनेच्या भराचं म्हणशील तर तो भर कुठे आहे हे मीच शोधते आहे. बाबा गेले तेव्हाही लोक माझ्या तोंडाकडे बघत होते, आता रडेल, मग रडेल. मला त्यांच्या चपलांची काळजी पडली होती, दोन जोड सारखेच होते. तेव्हापासून हे असंच आहे. दुखत नाही, बरंही वाटत नाही. पायाला मुंग्या येऊन गेल्यावर तो जसा आपला नसतो, तसं. सूनबाई म्हणते डॉक्टरला दाखवू. मी म्हटलं, काय दाखवू, काही होतच नाहीये.

धाकटा जेवताना म्हणाला. माझ्याकडे न बघता, पाण्याच्या भांड्याकडे बघून म्हणाला, "आई, तुझ्या एका अंगठ्यावर भट्टी चालणार नाहीये, मला कळतं ते. पण तू कुठे उठवलास ते मला कळेल."

बस, एवढंच. मग चिमणीने पाणी सांडलं आणि सगळे तिच्यामागे लागले. तुझी पुतणी, पण तू तिला पाहिलेलं नाहीस. तुझ्यासारखी आहे, एका पेल्यातलं दुसऱ्यात ओतून पुन्हा पहिल्यात ओतते आणि बघते वाढलं का.

तर मी ठरवलंय. नाही म्हणणार आहे. थांबणार नाही हे तू सांगायची गरज नव्हती. मी त्या कारखान्यात तुझ्याआधी पोचले होते. तू पोटात होतास तेव्हाही पट्ट्यावर उभी होते. बाटल्या समोरून सरकत यायच्या, मागे पांढरा दिवा. प्रत्येक बाटली त्या उजेडातून जायची. बुडबुडा, चीर, वाकडी मान, काही दिसलं की उचलायची आणि डाव्या हाताच्या पेटीत टाकायची. चांगली आपली उजवीकडे सरकत जायची, तिला हातही लावायचा नाही. पाळी संपायची तेव्हा डावा खांदा उतरलेला असायचा. आणि काच गरम असायची, म्हणून तर बोटांची टोकं अशी झाली आहेत. परवा चहाचं पातेलं तसंच उचललं. सूनबाई ओरडली तेव्हा कळलं की गरम आहे.

आणि भट्टीचं म्हणशील तर ती चुलीसारखी विझवता येत नाही. तुझ्या लक्षात नसेल, तू नेहमी आकड्यातच असायचास. आत वितळलेली काच असते. आच गेली तर ती आतच थिजते आणि भट्टी कामातून जाते. म्हणून ती कधी विझवलीच नाही कोणी, सुट्टीच्या दिवशीसुद्धा कोणीतरी उभं असायचंच. तुझ्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हा बाबा तिच्यापुढे होते आणि यायला उशीर झाला. मी त्यांना म्हटलं, तिला सोडून कशाला आलात.

कागद पाठवायला अजून अवकाश आहे. सूनबाई म्हणते मी भरून देते. मी म्हटलं, अंगठा माझा आहे, मी बघते.

आई


८ एप्रिल

थोरल्या,

आजचं अक्षर वेगळं दिसेल. नाक्यावरचा औषधवाला लिहितोय. डॉक्टरांची चिठ्ठी ज्याला वाचता येते त्याला माझं बोलणं म्हणजे काहीच नाही. सूनबाईकडे गणवेशाचं कापड फार आलंय, वेळ नाही तिला. म्हणजे ती तसं म्हणाली. कापड तर मला नेहमीएवढंच दिसतं.

घरात कोणी भांडत नाहीये. भांडलं असतं तर मी मजा घेतली असती. धाकटा येतो, जेवतो, चिमणीला मांडीवर घेतो, झोपतो. मला "आई, तुझी गोळी घेतलीस का?" विचारतो. परक्याच्या म्हातारीला विचारावं तसं. त्याला लांबच्या एका काचकारखान्यात काम मिळालंय, पुढच्या महिन्यात तिघंही जाणार. मला सोबत चल म्हणाला नाही. मीही विचारलं नाही. शिवणयंत्राला दोरी बांधून झाली आहे. शेवटचे गणवेश सूनबाई हाताने शिवते आहे, पण यंत्राची दोरी काही सोडत नाही.

मला वाटलं भट्टीचं दुःख आहे. मोठ्यांनी हो म्हटलंच, तू म्हणालास तसं झालं. एवढं काम सुटायचं तर माणूस गप्प होणारच. मी आपली त्याला वेळ देत होते.

मग परवा याच्या दुकानात गेले, गोळ्या आणायला. हा काउंटरवरून म्हणतो, "आजी, आता काय, मजा आहे तुमची. मोठा लाभांश येणार."

मी म्हटलं, "येऊ दे. मी तर नको म्हटलं होतं."

हा हसला. "नको कशाला म्हणाल? साक्षीदार म्हणून माझीच सही आहे की. तुम्ही हो म्हटलंय."

"मी नाही म्हटलंय."

"आजी, अंगठा 'मान्य'वर आहे. मी डोळ्याने पाहिला."

"मान्य कुठे होतं?"

"डावीकडे."

त्याच्या दुकानात एक बाई खोकल्याचं औषध मागत उभी होती. तिला त्याने ते दिलं. प्लास्टिकच्या बाटलीतलं. तिचे सुटे पैसे मोजून होईपर्यंत मी तिथेच थांबले.

समजलं ना तुला? मी कोणाला विचारलं नाही. सूनबाई कपडे पोचवायला गेली होती. कागद समोर घेतला, दोन चौकोन दिसले, एक डावीकडे, एक उजवीकडे. मला वाटलं, यात विचारायचं काय आहे? नापसंत ते डावीकडे. आयुष्यभर हात तिकडेच गेलाय. शाई लावली आणि उठवला, चांगला दाबून, पुसट नको म्हणून. मग याच्याकडे साक्षीच्या सहीला आणला. याने पाहिलं आणि वाटलं त्याला, म्हातारीला पैसे हवेत, कोणाला नको असतात. घरी येऊन सूनबाईला दिला, पाकीट चिकटवून टाक म्हटलं. तिने चिकटवलं. चिकटवताना पाहिलं असणार. तेव्हा काही बोलली नाही. रात्री नवऱ्याला सांगितलं असणार. आणि मी दोघांसमोर जेवले त्या रात्री, म्हटलं, झालं बाबा माझं काम, सुटले एकदाची.

औषधवाला हे लिहिताना दोनदा थांबला. त्याला वाईट वाटतंय. मी म्हटलं, तू लिही, तुला वाईट वाटायचे वेगळे पैसे देणार नाही.

मला काही वाटलं नाही. खरंच सांगते. घरी आले, गोळ्या डब्यात भरल्या. धाकट्याला सांगायचं होतं आणि तो समोरच बसला होता, चिमणीच्या चपलेचा बंद जोडत. तोंड उघडलं तर म्हणाले, "पलीकडच्या चपलेचाही बघ." त्याने पाहिला.

सांगणार काय? मी लोभी नाहीये रे, नुसती बावळट आहे? लोभी म्हटलेलं एक वेळ खपवून घेईन. आणि सांगितलं तरी त्याला वाटेल, पैसे यायचं ठरल्यावर म्हातारीला आता डावं-उजवं सुचतंय. मीही नसता विश्वास ठेवला.

तुला सांगते कारण तू लांब आहेस आणि तू नुसतं हं म्हणशील.

आई


२ मे

थोरल्या,

औषधवालाच लिहितोय. आज त्याच्याकडे गर्दी आहे, थोडक्यात सांगते.

लाभांश आला. बँकेतल्या मुलीने उठून माझा हात हातात घेतला आणि अभिनंदन म्हणाली. सुंदर मुलगी आहे, नखं रंगवलेली. मी म्हटलं, अगं, तुझेही होतील, पंखा घेऊ नकोस फक्त. तिला काही कळलं नाही, पण हसली.

भट्टी रिकामी केली. तीन दिवस काच खालून काढत होते, पाण्यात सोडत होते. फाटकापाशी बायका-माणसं उभी होती, मीही जाऊन उभी राहिले. बाहेरून काही दिसत नाही, नुसता वाफेचा आवाज. माझ्या वेळची एक पट्ट्यावरची बाई भेटली. तिने तेव्हाच शेअर विकून पंखा घेतला होता. तो पंखा अजून चालतो म्हणाली. मग ती रडायला लागली. मी तिच्या पाठीवर हात फिरवत होते आणि मनात येत होतं, हिच्या पोलक्याचा शेवटचा हूक सुटलाय, सांगावं की नको.

धाकटा सगळ्यात शेवटी बाहेर आला. हातात एक बाटली होती, औषधाची छोटी, पट्ट्यावरून आलेली शेवटची. मला वाटलं मला देईल. त्याने चिमणीला दिली. घरी आल्यावर चिमणीने ती माझ्याकडे आणली, मी सवयीने खिडकीच्या उजेडात धरली. मानेपाशी चीर होती. मी तशीच परत दिली. ती त्यात पाणी भरते आणि ओतते.

तुझं पत्र मिळालं. या वेळी सहा ओळी, प्रगती आहे. "चूक झाली तरी फायदाच झाला. त्याला सांगून टाक, उगाच मनात ठेवू नकोस." सांगून टाक म्हणे. तू तरी बाबांच्या वेळचं काय काय सांगून टाकलंस कोणाला? तोंडाने सांगायचं तर समोरच्याने वर बघावं लागतं. तो बघत नाही. आणि बघितलं तर मीच चपलेचं काहीतरी बोलते.

ती मंडळी सोळा तारखेला निघणार.

पैशाला हात लावलेला नाही. लावावासा वाटत नाही, टाकून द्यावेसेही वाटत नाहीत. शेजारच्या घरचं सामान आपल्याकडे ठेवायला दिल्यासारखं ते बँकेत पडलंय.

आई


१४ मे

मुंगळ्या,

बघ, आज तुला लहानपणीच्या नावाने हाक मारली. हे नाव लिहिताना लिहिणाऱ्याने पेन उचललं आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, लिही. साखरेचे दाणे वेचून काडेपेटीत ठेवायचा म्हणून तूच ठेवलंस ना त्याला ते नाव? आता लिहायला काय होतंय?

तर अक्षर ओळखलं असशील. नसेल ओळखलंस तर सांगते, धाकटा लिहितोय. मी त्याला म्हटलं, परवा जाणार आहेस, त्याआधी म्हातारीचं एक काम कर, थोरल्याला बँकेच्या कामाचं पत्र लिहायचंय. औषधवाल्याला सांग म्हणाला. मी म्हटलं, पैशाचं सगळं त्या नाक्यावरच्याला कशाला कळायला हवं? तेव्हा बसला. बँकेचं काम निघालंच नाही अजून, म्हणून कपाळाला आठ्या घालून बसलाय. असू दे. हेही लिही.

थोरल्या, तुला एक गोष्ट सांगायची आहे. तू म्हणशील, आई, ही तू मागे सांगितलीस. तुला ठाऊक आहे, मला माहीत आहे. तरी पुन्हा ऐक. म्हाताऱ्या माणसांचं पुन्हा पुन्हा ऐकावं लागतं, आणि लिहिणाऱ्याला तर लिहावंच लागतं.

कंपनीचा तो कागद मी एकटीने केला. घरात कोणी नव्हतं. दोन चौकोन होते. मला वाचता येत नाही, आणि कोणता कशाचा हे विचारायला कमीपणा वाटला. मी पट्ट्यावर उभी राहिलेली बाई आहे. खराब बाटली मी आयुष्यात कधी उजवीकडे जाऊ दिली नाही. भट्टी बंद करायची हे मला खराब वाटलं, म्हणून मी अंगठा डावीकडे उठवला. दाबून उठवला. घरी येऊन मोठ्या तोऱ्यात सांगितलं, झालं माझं काम. आणि डावीकडे लिहिलेलं होतं, मान्य.

थांबला आहे.

लिही म्हटलं.

लिहितोय.

तो विचारतोय, "डावीकडे?"

मी म्हटलं, हो, डावीकडे.

"डावीकडे म्हणजे पेटीत."

पेटीत. दुसरं काय असतं डावीकडे?

हे सगळं लिही म्हटलं मी, तू विचारलंस तेही लिही, थोरल्याला कळू दे आपण काय बोलतोय ते. तो म्हणतो, "आई, मला सांगायचं होतंस." मी म्हटलं, थोरल्याला सांगते आहे, तू मध्ये बोलू नकोस.

सूनबाई दारात येऊन उभी राहिली आहे. हातात सुई आहे, दोरा ओवलेला. आत ये म्हटलं तर येत नाही, जातही नाही.

आता पुढचं. थोरल्या, तू गेलास तेव्हा मला सांगायचं होतं की जायचं तर जा, पण असा हळू दार लावून जाऊ नकोस. मला ते तेव्हा सुचलं नाही. मी तुझ्या डब्याचं झाकण शोधत बसले. आता धाकटा चाललाय. त्यालाही जायचं तर जावं. काम आहे तिथे, भट्टी आहे, पेटलेली आहे. इथे बसून माझं तोंड बघण्यात काय आहे? पण जाताना त्याने माझ्या अंगठ्यावर रागावून जाऊ नये. माझ्यावर रागवायला हरकत नाही, त्याला कारणं आहेत. त्याला दुकान टाकायचं होतं तेव्हा मी तुझं ऐकलं. त्यावर खुशाल रागवावं. अंगठ्याने मात्र नाहीच म्हटलं होतं.

त्याने हे फार हळू लिहिलं. शाळेतही असाच लिहायचा, बाई ओरडायच्या.

बँकेचं म्हणालास ना, आता बँकेचं लिही. ते पैसे तिथेच आहेत. ते तुझ्या बाबांच्या न घेतलेल्या पंख्याचे आहेत, याच्या रात्रपाळीचे आहेत, माझ्या चुकलेल्या हाताचे आहेत. कोणाचे किती हे मला येत नाही. तुला येतं. पण तू लांबून कागदावर मांडून पाठवलंस तर मी ते चुलीत घालीन. ये. याच्या समोर बस आणि सांग. दुकान टाकायचं की तसेच ठेवायचे की आणखी चार कंपन्या घ्यायच्या, भांडायचं तर भांडा, मी झाकण शोधायला उठणार नाही. साबणवाली, विजेची आणि सिमेंटवाली आहेत तशाच राहतील, त्यांच्याकडे वाकड्या नजरेने बघायचं नाही, दोघांनीही.

तो म्हणतोय, "परवाचं तिकीट आहे आई."

मी म्हटलं, आहे ना. मी फाडलं का?

त्याचं पेन हातात आहे. चिमणीने त्याची ती बाटली त्याच्यासमोर आणून ठेवली आहे, पाणी काठोकाठ, मानेच्या चिरेतून टेबलावर थेंब पडतोय आणि तो पुसत नाहीये. कागद जरा वर सरकव, शाई पसरेल. सरकवला.

तुला वाटेल मी रडते आहे. नाही रडत. सूनबाई रडते आहे, पण तिला कांदा नसतानाही येतं. मला अजून तसंच आहे, पायाला मुंग्या आल्यासारखं. फक्त याचं अक्षर बघत होते इतका वेळ. मला वाचता येत नाही त्यामुळे सगळं सारखंच दिसतं, पण सुरुवातीचं आणि आत्ताचं सारखं दिसत नाही.

झालं माझं. अंगठा उठवते. शाई आणली त्याने. या वेळी मी त्याला विचारलं, कुठे उठवू, डावीकडे की उजवीकडे? तो म्हणाला, "खाली, मधोमध." आणि बोट धरलं माझं, चुकू नये म्हणून.

हात गरम आहे याचा. हे कळलं मला. हेही लिही.